नंबरचा सायकलिंग गॉगल, ९,४९९ रुपये आणि गालावरचे तीन टाके

जाड नंबर असलेल्या आणि टेकडीवर, मातीच्या वाटांवर सायकल चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. लांबलचक झालं आहे, पण ऑनलाइन गॉगल मागवायच्या आधी कृपया पूर्ण वाचा. पैसे गेल्याचं दुःख मी वर्षभरात विसरले असते. उजव्या डोळ्याखाली पडलेले तीन टाके मात्र रोज आरशात दिसतात.

आधी माझा नंबर सांगते. उजवा मायनस ४.५०, सिलिंडर मायनस १.५०, ॲक्सिस १७०. डावा मायनस ४.७५, सिलिंडर मायनस १.००, ॲक्सिस १०. (सिलिंडर म्हणजे एकाच दिशेने लागणारा जादा नंबर आणि ॲक्सिस म्हणजे त्या दिशेचा कोन.) हे आकडे लक्षात ठेवा, कारण सगळी लबाडी पुढे याच आकड्यांत सापडली.

शनिवार-रविवारी सकाळी आमचा सहा-सात जणांचा गट पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकली घेऊन जातो. खाणीच्या कडेची वाट, मग ग्लिरिसिडियाच्या झाडीतले उतार. पावसाळा संपला की मुरूम सुटा होतो, पुढच्याच्या चाकामागून धुळीचा लोट येतो आणि बाभळीच्या फांद्या बरोबर तोंडाच्या उंचीवर असतात. रोजचा चष्मा तिथे टिकत नाही. घामाने नाकावरून घसरतो, बाजूने वारा शिरून डोळ्यांतून पाणी येतं आणि उतारावर नेमका तेव्हाच खड्डा येतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहिल्या. एकदा लेन्सखाली धूळ गेली आणि मातीने भरलेल्या हातांनी ती काढावी लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यावर असं काही रागावून सांगितलं की पुन्हा टेकडीवर लेन्स घातल्या नाहीत. चष्म्यावरून घालायचा पट्ट्याचा गॉगलही आणला, ज्याच्या फोमला चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा असतात. थंड हवेत तो चालत असेल. आपल्या ऑक्टोबरात चढ सुरू झाला की दहा मिनिटांत चष्मा आणि गॉगल दोन्हींवर वाफ धरते, फोम घामाने निथळतो आणि हेल्मेटच्या दाबाने काड्या कानशिलात रुतायला लागतात.

म्हणून नंबर थेट काचेत बसवलेला, चेहऱ्याला वळसा घालणारा गॉगल हवा होता. (काचा आता प्लास्टिकच्या असतात, पण आपण काचाच म्हणतो.) फोनवर जाहिरात आली: नंबरसकट माउंटन बायकिंग गॉगल, मायनस ८ पर्यंत कोणताही नंबर, न फुटणारं पॉलिकार्बोनेट, उन्हात गडद आणि सावलीत पारदर्शक, फक्त २,९९९ रुपये. फोटोत फ्रेम गालाला आणि कानशिलाला अशी चिकटलेली की मधून वारा जायला जागाच नाही.

त्या "मायनस ८ पर्यंत" शब्दांपाशीच थांबायला हवं होतं, हे आता कळतं. रोजच्या मायनस चष्म्याची काच बरीच सपाट असते. वळसा घेणाऱ्या गॉगलची काच खूप गोल असते, त्या धंद्यात तिला आठ बेसची म्हणतात. मायनस काच मध्ये पातळ आणि कडेला जाड, त्यामुळे इतक्या गोल फ्रेममध्ये ती थेट बसवायची तर मायनस चारच्या आसपासच अवघड व्हायला लागतं. शिवाय काच डोळ्यापुढे तिरकी येते आणि तिरक्या काचेतून नंबर बदललेला भासतो. म्हणून काच बनवणाऱ्याला तो तिरकेपणा धरून नंबर नव्याने मोजावा लागतो. याला पर्याय म्हणजे गॉगलच्या आत बसणारी नंबरची छोटी क्लिप. तिच्यावर लवकर वाफ धरते आणि पापण्या घासतात, पण जाड नंबरवाल्यांसाठी तो प्रामाणिक पर्याय आहे. विकणाऱ्याने यातलं काहीही मला सांगितलं नाही.

व्हॉट्सॲपवर नंबरच्या कागदाचा फोटो पाठवला, २,९९९ भरले. पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले तो दुकानाच्या नावाचा नव्हता, एका व्यक्तीच्या नावाचा होता. दुसऱ्या दिवशी फोन आला, "मॅडम, तुमचा सिलिंडर जास्त आहे, वळणाच्या फ्रेमसाठी स्पेशल काच लागेल, ३,२०० जादा." ते भरले. मग पॉलिकार्बोनेटचे १,८०० वेगळे, कारण २,९९९ मध्ये "साधं मटेरियल" होतं म्हणे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर आलं, "काच कापायला घेतली आहे मॅडम, आता ऑर्डर रद्द होणार नाही." आधी गेलेले ६,१९९ बुडू नयेत म्हणून मी पुढचे पैसे भरत गेले. शेवटी उन्हात गडद होणाऱ्या काचेचे १,५००. एकूण ९,४९९.

या सगळ्यात त्यांनी एक गोष्ट कधीच विचारली नाही. माझ्या दोन बाहुल्यांमधलं अंतर किती. ज्याला पीडी म्हणतात ते. आपल्याकडे डॉक्टरांच्या कागदावर ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, दुकानदार फ्रेम निवडताना मोजतो. जो माणूस पीडी न विचारता नंबरची काच बनवायला घेतो, तो तुमच्या डोळ्यांसाठी काच बनवतच नाही. हे वाक्य कुणाला पटो न पटो, मी ते ठासून लिहिते आहे.

सोळा दिवसांनी पार्सल आलं. फ्रेम फोटोतलीच होती, पण गालापासून बोटभर लांब उभी राहत होती. काच कडेला जवळजवळ सात मिलिमीटर जाड. काडीवर "झेड८७" छापलेलं होतं. ही सुरक्षा चष्म्यांच्या अमेरिकी मानकाची खूण, ती पाहून मी निर्धास्त झाले. ती खूण फार तर फ्रेमबद्दल काही सांगते. तिच्यात नंतर बसवलेल्या काचेची हमी ती देत नाही, काचेवर वेगळी खूण असावी लागते. तीही मला नंतरच कळलेली गोष्ट.

घालून पंधरा मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं. वाटेवरच्या मुळांच्या कडा पसरट दिसत होत्या आणि पायरीएवढा उतार किती खोल आहे याचा अंदाज चुकत होता. फोन केला तर म्हणाले, "नवीन नंबरला आठ-दहा दिवस लागतातच मॅडम, डोळ्यांना सवय होऊ द्या." हे वाक्य प्रत्येक चष्मेवाला म्हणतो आणि पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून तर मी फसले. डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन मी सवय करत राहिले.

नवव्या दिवशी, रविवारी, उतारावर पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाखालून सुपारीएवढा दगड उडाला आणि उजव्या काचेवर बसला. काचेचे तीन तुकडे झाले. एक तुकडा डोळ्याखाली गालाच्या हाडावर शिरला. मला फक्त गरम काहीतरी वाहतंय एवढं कळलं. गटातल्या दादांनी सायकल बाजूला टाकून स्वतःचा रुमाल दाबून धरला आणि सतत विचारत राहिले, "ताई, दिसतंय ना? माझी बोटं दिसतायत ना?" तो आवाज मी विसरणार नाही.

दवाखान्यात डोळ्यात नारिंगी थेंब टाकून निळ्या प्रकाशात बुबुळ तपासलं. ओरखडा नव्हता. माझ्यासारख्या मोठ्या मायनस नंबरला पडद्याचा धोका जास्त असतो, म्हणून बाहुली मोठी करून मागचा पडदाही पाहिला. तोही ठीक. तीन टाक्यांवर निभावलं.

दोन दिवसांनी मी तुकडे आणि उरलेली डावी काच घेऊन सदाशिव पेठेतल्या आमच्या चष्मेवाल्या काकांकडे गेले. शाळेपासूनचे माझे सगळे चष्मे त्यांनी केले आहेत. हा गॉगल त्यांना न विचारता मागवला होता, त्यामुळे दुकानाची पायरी चढताना लाज वाटत होती. काकांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. डावी काच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, ठेवली, मग उजव्याच्या सगळ्यांत मोठ्या तुकड्यात काचेचा मध्य आलेला होता तो ठेवला. दोन्हींचा नंबर एकच आला. मायनस ५.२५. सिलिंडर नाहीच.

मग कागद पुढे ओढून त्यांनी हिशेब मांडला. सिलिंडर गाळून सरासरी एकच नंबर काढायचा तर सिलिंडरचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवायचा. उजव्याला ४.५० अधिक ०.७५, म्हणजे ५.२५. डाव्याला ४.७५ अधिक ०.५०, म्हणजे पुन्हा ५.२५. कुठेही तयार मिळणारी, अत्यंत स्वस्त, बिनसिलिंडरची काच दोन्ही बाजूंना घातली होती. सिलिंडर जास्त म्हणून माझ्याकडून ३,२०० रुपये घेतले आणि तोच सिलिंडर गाळून टाकला.

पुढे काकांनी दोन्ही काचांच्या मध्यांवर शाईचे ठिपके दिले, तुकडे फ्रेममध्ये जुळवून धरले आणि अंतर मोजलं. ७० मिलिमीटर. माझी पीडी ६२ आहे. "काडीच्या आत बघ काय लिहिलंय," म्हणाले. ५४-१६. एका काचेची रुंदी ५४, नाकावरच्या पुलाची १६, बेरीज ७०. म्हणजे काच सरळ फ्रेमच्या मध्यावर कापून बसवली होती, डोळा कुठे येणार याचा विचारही न करता. मध्य सरकला की काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे समोरचं दृश्य बाजूला सरकवते. किती, ते प्रेंटिसच्या नियमाने काढता येतं: सरकलेले सेंटिमीटर गुणिले नंबर. ०.८ गुणिले ५.२५, म्हणजे दोन्ही डोळे मिळून चारच्या वर प्रिझम (त्याचं मापही प्रिझममध्येच सांगतात). माझे डोळे नऊ दिवस बाहेरच्या बाजूला ओढले जात होते. त्याची सवय होणार नव्हती.

काचेचा गोलवा मोजायचं घड्याळासारखं एक यंत्र असतं. त्यावर काच जवळजवळ सपाट निघाली. सपाट काच गोल फ्रेममध्ये बसत नाही, म्हणून फ्रेमच गरम करून सरळ केली होती. फोटोत गालाला चिकटणारा गॉगल माझ्या गालापासून लांब का उभा राहायचा, त्याचं कारण हे. शेवटी काकांनी एका तुकड्याच्या फुटलेल्या कडेवर ॲसिटोनचा थेंब टाकला. पॉलिकार्बोनेट ॲसिटोनने पांढुरकं, चिकट होतं. तुकडा तसाच स्वच्छ राहिला. साधं रेझिन, म्हणजे साध्या चष्म्याचं प्लास्टिक. उन्हात गडद होण्याचं म्हणाल तर डावी काच दुकानाबाहेर उन्हात अर्धा तास ठेवली, रंग तसूभर बदलला नाही. नुसता रंग दिलेला होता.

हे सगळं शोधायला काकांना वीस मिनिटं लागली. नुसता नंबर आणि मध्यांचं अंतर पाहायला पाचसुद्धा लागली नसती. म्हणून हात जोडून सांगते, नंबरचा गॉगल कुठूनही घ्या, पण वाटेवर घालून जायच्या आधी तो दुसऱ्या, ओळखीच्या चष्मेवाल्याकडे नेऊन लेन्सोमीटरवर ठेवायला लावा आणि आलेले आकडे कागदावर लिहून घ्या.

तक्रारीचं थोडक्यात सांगते. विकणाऱ्याचं उत्तर आलं, "ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेतला जात नाही," आणि मग मला ब्लॉक केलं. हे उत्तर कायद्यात टिकत नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. मी मागून मागून मिळवलेल्या पीडीएफ बिलावर पत्ता ठाण्याचा होता, जीएसटी क्रमांक मात्र ०७ ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक फुकट शोधता येतो. शोधला, तर तो कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला. हे दोन मिनिटांचं काम पैसे भरायच्या आधी करता आलं असतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, १९३० वर सायबर फसवणुकीचीही. १९३० ला पैसे गेल्यावर लगेच फोन केला तर रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मी महिन्याने केला, तोवर खातं रिकामं होतं. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज ऑनलाइन भरला आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकीलही सक्तीचा नाही.

टाके निघाल्यावर काकांनी मला कमी गोल फ्रेम निवडून दिली, नाकाला रबराच्या पट्ट्या, आत काढता-घालता येणारा पातळ फोम. पीडी प्रत्येक डोळ्याची वेगळी मोजली, उजवी ३०.५, डावी ३१.५. प्रयोगशाळेतून आलेलं काचेचं पाकीट माझ्यासमोर फोडलं आणि बिलावर "पॉलिकार्बोनेट १.५९" असं लिहून दिलं (१.५९ हा त्या मटेरियलचा अपवर्तनांक). वारा थोडा शिरतो. खूप बाजूला पाहिलं की पांढऱ्या दगडांच्या कडेला निळी-नारिंगी झालर दिसते, पॉलिकार्बोनेटचा तो दोषच आहे. खड्ड्याची खोली मात्र बरोबर कळते आणि डोकं दुखत नाही.

जुन्या गॉगलचे तुकडे एका पाकिटात आणि डावी काच दुसऱ्या पाकिटात घालून कागदांच्या फाइलला लावली आहे. काचेवर काकांनी दिलेला शाईचा ठिपका मी पुसलेला नाही. सुनावणीला ती तशीच न्यायची आहे, आणि काका म्हणालेत की लेन्सोमीटरवरचे आकडे सांगायला ते स्वतः येतील.