तो व्हिडिओ मीच काढून दिला होता

आमच्या मुलीला जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी झटके आले. उजवा हात आणि उजवा पाय, एका तालात. बाळं थरथरतात, असं वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या. पण साधी थरथर हात धरला की थांबते. ही थांबत नव्हती. चौथ्या दिवशी एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीत रक्त अडलं होतं. नवजात बाळाचा स्ट्रोक.

घरात कुणालाच पटेना. लकवा म्हाताऱ्या माणसांना होतो ना? मग माझ्याच चुका शोधणं सुरू झालं. ग्रहणात काही चिरलं होतं का, सातव्या महिन्यात एसटीने माहेरी का गेले. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं : वारेतून सुटलेली गुठळी बाळाच्या मेंदूपर्यंत पोचू शकते, कारण पोटात असताना बाळाच्या हृदयात एक वाट उघडी असते, पुष्कळदा नेमकं कारण सापडतही नाही, आईने काही केल्याने हे होत नाही. मी मान हलवली. मनातून मात्र ते गेलं नाही, आणि आम्हाला लुबाडणाऱ्यांनी तेच हेरलं.

सहाव्या महिन्यात दिसायला लागलं. खुळखुळा उजवीकडे धरला तरी ती डावा हात आणायची, उजवी मूठ मिटलेलीच. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, डावखुरी होणार. डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर दुसऱ्यात अशक्तपणा आहे असं समजायचं, फिजिओथेरपी वाढवा. त्या रात्री मी फोनवर शोधत बसले आणि एका स्टेम सेल केंद्राच्या जाहिरातीखाली नंबर भरला. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी. सकाळी आठच्या आत फोन.

"ताई, तुम्ही आई आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको. मेंदू वाढायचा काळ निघून चाललाय. नंतर तुम्हालाच वाटेल, तेव्हा का नाही केलं."

केंद्रातली ती मुलगी रोज फोन करायची. माझ्या लेकीचं नाव घेऊन विचारपूस करायची, मी रडले की थांबायची. मला तेव्हा घरातलंही कुणी इतकं विचारत नव्हतं. मग चालायला लागलेल्या मुलांचे व्हिडिओ आले. मग "या महिन्यात नोंदवलं तर सवलत". तीन लाख ऐंशी हजार रुपये झाले. सासूबाईंच्या पाटल्या गेल्या, ह्यांची एफडी मोडली. निम्मे पैसे रोख घेतले, त्यांची पावतीच नाही. उरलेल्यांच्या पावतीवर "पुनर्वसन पॅकेज" लिहिलं होतं. स्टेम सेल हा शब्द कुठेच नव्हता. सही घेतलेला कागद इंग्रजीत होता. हा उपचार प्रायोगिक आहे आणि गुणाची हमी नाही, असं त्यात होतं. तो आम्ही वाचला घरी आल्यावर, म्हणजे सगळं झाल्यावर.

आठ महिन्यांच्या पोरीला भूल दिली, कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला स्टेम सेल असलेला गर, काढली आणि पाठीच्या कण्यात टोचली. तीन दिवस ताप आणि उलट्या. ती कण्हायची तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दीड महिन्याने मूठ थोडी उघडायला लागली. आम्ही आनंदाने व्हिडिओ काढून पाठवला. त्यांनी लगेच दुसऱ्या डोसची रक्कम सांगितली. तेव्हा ह्यांना शंका आली आणि आम्ही पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. या वयात मेंदू स्वतःच नव्या वाटा काढत असतो, म्हणाले. स्ट्रोक झालेली पुष्कळ बाळं उशिरा का होईना, चालतात. या धंद्याचं भांडवल हेच आहे. मूल वाढतं, आणि त्याच्या वाढीचं श्रेय सुई मारणारा घेतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणी झालेल्या संशोधनातच करता येतो. आणि अशा संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी तुम्हाला हे विकायला आलं तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. आम्ही उशिरा मागितला. त्या दिवसापासून त्या मुलीने फोन उचलला नाही.

पैशापेक्षा मला सलतात ते वाया गेलेले महिने. "पेशी रुजू द्या" म्हणून त्यांनी फिजिओथेरपी बंद करायला लावली होती. आता आम्ही डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी जिल्हा केंद्रात जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे मोफत आहे. डाव्या हातावर रोज थोडा वेळ मोजा चढवायचा आणि उजव्याने कणकेचा गोळा दाबायला लावायचा. चिडते, रडते, पण दाबते. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. कागद, पावत्या, फोनवरचे निरोप, काही पुसू नका.

गेल्या महिन्यात साताऱ्याकडून एका बाईंचा फोन आला. कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. पाच महिन्यांचा मुलगा, हाच आजार. "तुमच्या मुलीचा व्हिडिओ बघितला, ताई. मूठ कशी उघडली ना! आम्ही सोमवारी पैसे भरतोय."

त्या दिवशी शनिवार होता. मी त्यांच्याशी दोन तास बोलले.