भुताचं बिऱ्हाड: खरी चाळ की उभारलेला सेट?

भुताचा विनोदी सिनेमा करायचं ठरलं की पहिला प्रश्न घराचा येतो. गिरगावातली जुनी चाळ किंवा मढचा बंगला भाड्याने घ्यायचा, की गोरेगावच्या चित्रनगरीत घर उभारायचं? कलादिग्दर्शनाच्या कामात मी दोन्ही केलंय. माझा कौल सेटला आहे, पण अख्ख्या घराच्या सेटला नाही.

निव्वळ भयपटात अंधार पुष्कळ गोष्टी झाकतो. विनोदात नटाचा चेहरा दिसावाच लागतो. शिवाय हशा बहुधा एकाच फ्रेममध्ये पिकतो: पुढे आजोबा निवांत बशीत चहा ओततायत, मागे कपाटाचं दार आपोआप उघडतंय. दोन्ही एकदम दिसायचं तर कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा हवी. जुन्या बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. पलंग, कपाट, नट आणि लाइट आत गेले की कॅमेरा दाराबाहेर. मग शॉट तुकड्यातुकड्यांत घ्यावे लागतात आणि गंमत तिथेच विरते. सेटवर आड येणारी भिंतच काढून बाजूला ठेवता येते.

दुसरी गोष्ट लपण्याच्या जागेची. ‘झपाटलेला’मधला (1993) तात्या विंचू रामदास पाध्ये यांनी घडवला. असं बाहुलं नाचवायचं तर माणूस कुठेतरी दडायला हवा. सेट दोन-अडीच फूट उंच चौथऱ्यावर बांधला की तो खाली मावतो. खऱ्या घराची फरशी कोण उखडू देणार?

एकदा आम्ही ऐन पावसाळ्यात एक बंगला घेतला होता. मालकाने एक खिळासुद्धा ठोकू दिला नाही. कपाटाच्या दाराला तंगूस बांधून शेजारच्या खोलीतून ओढायचं ठरलं, पण लाकूड फुगलेलं. दार अडायचं आणि मग फाडकन उघडायचं. अकरा टेक झाले, तरी त्या सीनमध्ये हवा तो संथपणा आलाच नाही. भिंती पांढऱ्या, रंग लावायला बंदी, त्यामुळे उजेड सगळीकडे परतून भुताचा कोपराही लख्ख.

तरीही खऱ्या जागेची एक गोष्ट सेटला सहजी साधत नाही, ती म्हणजे माणसांचा वावर. खुर्चीमागे भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग, काढलेल्या कॅलेंडरच्या जागी उरलेला फिकट चौकोन, उंबरठ्याच्या कडेला साचलेलं हळदीकुंकू. सेटवर हे सगळं हाताने करावं लागतं: निळ्या रंगावर हिरवा हात, तो जागोजागी खरवडायचा, ओल दाखवायला चहाचं पाणी, धुळीला मुलतानी माती. कोळ्याची जाळी मात्र कमीच ठेवा. घर नांदतं वाटलं तरच त्यात भूत निघण्याची मजा.

पैशाचं गणित सरळ आहे. सेटचा खर्च सुरुवातीलाच अंगावर येतो, लोकेशनचं भाडं रोज चढतं. दोन-तीन दिवसांचं काम असेल तर सेटच्या नादी लागू नका.

मी सुचवेन ते असं: गॅलरी, जिना आणि चौक खऱ्या चाळीत, ज्या खोलीत वस्तू हलतात ती खोली सेटवर. ‘घोस्टबस्टर्स’मध्ये (1984) फायर स्टेशन बाहेरून न्यूयॉर्कचं आहे आणि आतून लॉस एंजेलिसचं, तरी पाहताना खटकत नाही. सांधा फक्त दारात जुळवावा लागतो. म्हणून चाळीत शूटिंग करण्याआधी त्या दाराची मापं घ्या: चौकट, उंबरठा, कडी कोणत्या बाजूला, दार आत उघडतं की बाहेर. भर दिवसा गॅलरीतून आत किती उजेड पडतो त्याचा फोटो काढा. जमलं तर त्याच बांधणीचं जुनं दार भंगारबाजारातून आणून सेटवर बसवा. बिजागरीला तेल मात्र शॉट झाल्याशिवाय घालू नका.