पहिली कच्चेरी कुठे ऐकावी: मुंबई, चेन्नई की तिरुवैयारु?

सवाई गंधर्व महोत्सवाचा मांडव उतरला की आमच्या कट्ट्यावर कुणीतरी दरवर्षी विचारतंच, "एकदा कर्नाटक गाणं, म्हणजे दक्षिणेचं शास्त्रीय संगीत, समोर बसून ऐकायचंय, कुठे जाऊ?" तिकडे गायनाच्या मैफलीला कच्चेरी म्हणतात, मामलेदाराशी संबंध नाही. यमन-मालकंसावर पोसलेल्या कानांसाठी जागा तीन, पण तिन्हीकडे मिळतं ते वेगवेगळं.

सगळ्यात सोपी अर्थातच मुंबई. षण्मुखानंद सभा (सभा म्हणजे मैफली भरवणारी संस्था) १९५२ ची. तिचं शीव-किंग्ज सर्कलचं सभागृह १९९० च्या आगीनंतर पुन्हा उभं राहिलं. चेंबूरला फाईन आर्ट्स सोसायटी आहे. दोन्हींत मी चेंबूर निवडेन. षण्मुखानंद फार मोठं, बाल्कनीतून गायिकेचा हात दिसत नाही. आणि कर्नाटक गाण्यात हात दिसायलाच हवा. आदिताल घ्या: एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. झाल्या आठ मात्रा. गाणारा हा ताल मांडीवर स्वतःच धरतो, तबलजीच्या ठेक्यावर सोडून देत नाही. मुंबईची अडचण एकच: अडीच तास ऐकायचं की लगेच लोकल पकडायची. कान नव्या भाषेत रुळेपर्यंत घर येतं.

चेन्नईत डिसेंबरच्या मध्यापासून १ जानेवारीपर्यंत कच्चेऱ्यांची नुसती रेलचेल असते. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून म्युझिक अकॅडमी निघाली, तिथल्या संध्याकाळच्या तिकिटांसाठी झुंबड असते. तिच्या मागे लागू नका. मैलापूर, अलवारपेट, टी. नगर इथल्या पुष्कळ सभांत दुपारच्या कच्चेऱ्या फुकट असतात. गाणारी पोरं विशी-तिशीतली, श्रोते बरेचसे पेन्शनर. मला गाणं कळायला लागलं ते तिथेच, आणि गायकापेक्षा शेजारच्या आजींमुळे. मांडीवर पर्स, पर्सवर ताल. गायकाने आलापनेत एक जागा छान घेतली आणि त्या जिभेने "च् च्" करू लागल्या. मला वाटलं, काहीतरी चुकलं बिचाऱ्याचं. आपल्याकडे तो हळहळीचा आवाज. तिकडे ती दाद!

रागांच्या नावांचीही अशीच फसगत होते. त्यांची तोडी सुरू झाली की आपल्याला आपली भैरवी ऐकू येते. त्यांची भैरवी मात्र तिसरंच काही. हिंदोळम म्हणजे आपला मालकंस, मोहनम म्हणजे भूप. एवढं लक्षात ठेवलं तरी पहिल्या दिवशी हरवल्यासारखं होत नाही. हंसध्वनी तर तिकडूनच आपल्याकडे आला. मिरजेचे अब्दुल करीम खाँ साहेब दक्षिणेत जात, तिकडचं ऐकत आणि गातही. तेव्हा ही वाट काही आपण पहिल्यांदा तुडवत नाही.

आपल्यासारखा तासभराचा विलंबित ख्याल मात्र शोधू नका. कच्चेरीचा आजचा साचा गायक अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी (१८९०–१९६७) रूढ केला. आधी वर्णम ही सुरुवातीची रचना, मग लहान-मोठ्या कृती, म्हणजे बांधलेली गीतं, मध्ये एक मुख्य रचना सविस्तर, शेवटी तुक्कडे ही हलकीफुलकी गाणी आणि समारोपाचं मंगलम. त्या तुक्कड्यांत एखादा अभंग निघतो आणि विठ्ठल असा तमिळ वळणाने उच्चारला जातो की आपण मराठी श्रोते उगीचच ताठ बसतो.

मुख्य रचनेच्या पोटात मृदंगम आणि घटमचा (मातीच्या घड्याचा) एकल डाव असतो, तनि आवर्तनम. नेमकी तीच वेळ साधून अर्धं सभागृह कॅन्टीनकडे निघतं. पहिल्या वर्षी डोशाच्या वासाने मीही उठलो होतो आणि परतलो तेव्हा शेवटची तिहाईसुद्धा संपली होती. कॅन्टीन कुठे पळून जात नाही. एका सभेत (नाव नको) मृदंगमचा माईक इतका चढवला होता की व्हायोलिनवाला नुसता गज हलवतोय असं वाटत होतं. असं झालं तर मुकाट उठून पुढची सभा गाठावी. फुकटाचा हाही एक फायदा.

तिरुवैयारु वेगळंच प्रकरण आहे. तंजावरपासून १३ किलोमीटरवर, कावेरीकाठी त्यागराजांची, कर्नाटक संगीतातल्या थोर संत-रचनाकारांची, समाधी. ते १८४७ मध्ये गेले, तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले भोसले होते. सरफोजी राजांचं दरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारलं, ही कथा तिकडे अजून सांगतात. समाधीचं मंदिर गायिका बंगळूर नागरत्नम्मांनी उभारलं आणि तिथे बायकांना गाण्याची वाट करून दिली. पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती एकसुरात गातात. अंगावर काटा येतो. पण ती कच्चेरी नव्हे. इतर कलाकारांना जेमतेम काही मिनिटं मिळतात, त्यात राग उलगडत नाही. माझ्या मते पाचांतली एक तरी कृती, निदान 'एंदरो महानुभावुलु', पाठ झाल्यावरच जावं.

म्हणून हातात चार दिवस असतील तर नाताळच्या आधीची चेन्नई, दुपारची, छोट्या सभांतली. एकच संध्याकाळ असेल तर चेंबूर. तिरुवैयारु पुढच्या वर्षी, आणि तेव्हा तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेखही बघून घ्या. पंचांगात तिथी बघून तंजावरची तिकिटं आधीच काढा. मांडवात भुईवर बसायचं असतं. गुडघे कुरकुरत असतील तर चेन्नईच्या खुर्च्या बऱ्या.