पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी : पैसे कुठे सार्थकी लागतात

घरच्या टेस्टवर दोन रेघा उमटल्या की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी सेंटर गाठणारे पुष्कळ. पोटात एका बाजूला दुखत असेल, रक्त जात असेल किंवा चक्कर येत असेल तर एक तासही थांबू नये, कारण गर्भ नळीत रुजलेला असू शकतो. तसं काही नसेल तर पाचव्या आठवड्याची सोनोग्राफी म्हणजे निव्वळ विकतची काळजी. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे कागदावरचे पाच आठवडे हे गर्भाचे जेमतेम तीन. योनीमार्गे आतून तपासलं तरी काळी गर्भपिशवी आणि फार तर योक सॅकचं, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणाऱ्या पिशवीचं, बारीक कडं दिसतं. 'ठोके नाहीत, पुन्हा या' असा रिपोर्ट हातात पडतो आणि घरातली झोप उडते. गर्भाची लांबी 7 मिमी होईपर्यंत ठोके दिसले नाहीत म्हणून कुणी निकाल देऊ नये आणि आपणही लावून घेऊ नये.

आठव्या आठवड्यातली मात्र पुरेपूर वसूल. रिपोर्टमध्ये सीआरएल शोधा. ही डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. सात आठवड्यांना साधारण 10 मिमी, आठला 16, नऊला 23. डोकं धडाएवढंच, हातापायांचे नुसते कोंब. ठोके नवव्या आठवड्याच्या सुमारास 170 च्या घरात जातात, पुढे उतरतात. आकडा बघून घाबरू नका. पोटावरून करणार असतील तर लघवी तुंबलेली हवी, आतून करणार असतील तर मोकळी. सेंटरवाले हे फोनवर सांगत नाहीत आणि मग तासभर बाकावर बसवून पाणी पाजतात.

सगळ्यात मोलाची एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी. ती 11 आठवडे ते 13 आठवडे 6 दिवस, सीआरएल 45 ते 84 मिमी असतानाच होते. त्यातही बारा पूर्ण झाल्यावर जावं, कारण तोवर बाळाची आतडी थोडी नाळेतच असतात आणि पोटाची भिंत नीट आहे का हे छातीठोक सांगता येत नाही. ही जाडी मोजायची तर बाळ बरोबर कुशीवरून दिसायला हवं. मान मागे गेली तर माप फुगतं, हनुवटी छातीला टेकली तर घटतं. म्हणून चांगला सोनोलॉजिस्ट खोकायला लावतो, फेरी मारून यायला सांगतो. तो वेळ काढतोय असं समजू नका. फरक दशांश मिलिमीटरचा असतो. 3.5 मिमीच्या वर गेलं तर पुढचा सल्ला घ्यावाच लागतो. नुसत्या एनटीवर थांबू नका, सोबत डबल मार्करचं, म्हणजे आईच्या रक्तातले दोन घटक मोजणाऱ्या चाचणीचं, रक्त द्या. दोन्ही मिळून डाऊन सिंड्रोमच्या (गुणसूत्रातल्या जन्मजात दोषाच्या) दहांपैकी सुमारे नऊ केसेस हाती लागतात. तरीही हा धोक्याचा अंदाज आहे, निदान नव्हे.

ओळखपत्र न्या, सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरावाच लागतो. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्याने गुन्हा.

आठव्या आठवड्याचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीत मशीन प्रसूतीची नवी तारीख छापतं, पण सुरुवातीच्या सीआरएलवरून पक्की केलेली तारीख नंतर बदलायची नसते.