गच्चीवरचा विमान-रिसीव्हर: आठ महिन्यांनंतर

विमानांचे रेडिओ सिग्नल पकडून ती पडद्यावर दाखवणारा हा रिसीव्हर गेल्या गणपतीत बसवला. सिग्नल पकडणारा साडेतीन हजारांचा यूएसबी डाँगल, घरात पडून असलेला रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर आणि अँटेना घरचाच: ६.९ सेंटिमीटरची उभी तांब्याची तार, खाली तेवढ्याच चार तिरप्या तारा. विमानं १०९० मेगाहर्ट्‌झवर बोलतात, त्या तरंगाचा पाव भाग तेवढाच येतो. परतीच्या पावसात कनेक्टरमध्ये पाणी गेलं आणि दोन दिवस सगळं मुकं. तेव्हापासून सायकलची ट्यूब गुंडाळलीय. एप्रिलमध्ये डाँगलला हात लावला तर चटका बसायचा, पण चालला.

खोटं कशाला बोलू, घेतला होता लष्करी विमानांसाठी. तिथं अपेक्षा जरा कमी ठेवा. प्रवासी विमान सेकंदाला साधारण दोनदा आपली जागा ओरडून सांगतं. लढाऊ विमानाला तशी हौस नसते. बऱ्याचदा यादीत नुसता हेक्स कोड, म्हणजे विमानाचा ओळख क्रमांक, आणि उंची येते, नकाशावर काहीच नाही. कोड ८० ते ८३ नं सुरू झाला म्हणजे नोंद भारताची, एवढंच कळतं. जागा काढायची तर किमान चार रिसीव्हरांनी तोच सिग्नल ऐकून वेळेतला फरक मोजावा लागतो, आणि विमानं बघणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपात कोल्हापुरातले आम्ही दोघंच.

तरी ग्रुपला अर्थ लावायला एवढंसं पुरतं. जानेवारीत एक बिनकॉलसाइनचं, म्हणजे उड्डाणाचं नाव न सांगणारं, भारतीय कोडचं विमान गोव्याकडं निघालं आणि गारगोटीच्या पुढं गायब. लगेच ठरलं: गोव्यातल्या आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावरचं पाणबुड्या शोधणारं पी-८आय, सिग्नल पाठवणारा ट्रान्सपाँडर मुद्दाम बंद केला, समुद्रात पाणबुडी आहे. रात्री दोनपर्यंत चर्चा. मीही त्यात होतो, आणि लई भारी वाटत होतं.

चार दिवसांनी पणजीकडं चाललेलं साधं प्रवासी विमान बरोबर तिथंच गायब झालं. मग आठवड्याचे सगळे ठिपके एका नकाशावर काढले. गोल भाकरीतनं चतकोर मोडून घ्यावी तशी नैऋत्येला खाच! गच्चीवर जाऊन बघतो तर शेजारच्या काकूंनी संक्रांतीआधी बसवलेली हजार लिटरची टाकी, काठोकाठ भरलेली, अँटेनाच्या नाकासमोर. काकू पापड उलटत होत्या. म्हणाल्या, "काय रं, आमच्या टाकीमुळं विमान पडलं व्हय?"

ग्रुपवर हे सांगितलं तर एकानं लिहिलं, "तुला कुणी गप्प केलंय का?"

हे खूळ काय आमचं एकट्याचं नाही. २ ऑक्टोबर २०२० ला ट्रम्प यांना कोविड झाल्याची बातमी आली, त्याच वेळी अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ दोन ई-६बी विमानं दिसली. अण्वस्त्रधारी पाणबुड्यांपर्यंत आदेश पोचवणारी ही विमानं, त्यामुळं लोकांनी तो शत्रूला इशारा ठरवला. तिथल्या अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक कमांडनं नंतर सांगितलं, उड्डाणं आधीच ठरलेली होती. ती विमानं एरवीही उडतातच की. त्या दिवशी बघणारे वाढले होते.

घ्यावा का? घ्या. रात्री उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारं विमान आवाज येण्याआधी पडद्यावर दिसतं, त्यातली गंमत अजून गेली नाही. फक्त आपल्या लष्कराचं काही दिसलं तर तिथल्या तिथं ग्रुपवर टाकू नका, मी आता टाकत नाही. आणि अँटेना चढवण्याआधी चारही बाजूंच्या टाक्या बघा.

पावसाआधी दहा फुटी पाइप उभा करणार आहे. काकूंची परवानगी मिळाली, अट एकच: पाइपाला कपड्यांच्या दोरीसाठी हूक पाहिजे.