डांबरी रस्त्यासाठी प्लास्टिकचा चुरा : कुपवाडचा माल कसा आहे?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका पुरवठादाराकडे हा चुरा २० किलोच्या गोणीत मिळतो. दुधाच्या पिशव्यांचा असेल तर खुशाल घ्या. मिश्र कचऱ्याचा असेल, तर गाडी खाली करण्याआधी दोन-चार गोण्या फोडून बघाच.

तुकडा २.३६ मिमीच्या चाळणीतून पडायला हवा आणि ६०० मायक्रॉनच्या चाळणीवर राहायला हवा. दुधाच्या पिशव्यांचा माल यात नीट बसतो. मिश्र मालात लांब पट्ट्या निघतात. त्या खडीवर पसरत नाहीत, त्यांचे गोळे होतात. शिवाय शेतात पिकाभोवती अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर न धुताच कापला की सोबत काळी माती येते. धूळ १ टक्क्याच्या वर गेली तर माल परत पाठवा. मातीने माखलेल्या खडीला प्लास्टिकही धरत नाही आणि डांबरही.

सगळ्यात घातक म्हणजे जुने फ्लेक्स बॅनर. ते पीव्हीसीचे, तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि डांबर प्लांटवरच्या माणसांच्या छातीत जातो. मूठभर चुरा पाण्याच्या बादलीत ढवळा. पिशवीचा तुकडा तरंगतो, पीव्हीसी बुडतं. बाटलीचं प्लास्टिकही बुडतं, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. तांब्याची तार लाल तापवून बुडालेल्या तुकड्याला लावा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर अख्खा लॉट नाकारा.

एक टन मिक्समध्ये (खडी-डांबराच्या मिश्रणात) ५ टक्के डांबर धरलं तर ५० किलो होतं. त्यातलं ८ टक्के प्लास्टिक, म्हणजे ४ किलो चुरा आणि ४६ किलो व्हीजी-३० प्रतीचं डांबर. टनाच्या पाच बॅचना एक गोणी पुरते. खडी १६५ अंशांच्या आसपास तापली की आधी चुरा टाकायचा, ३० ते ४५ सेकंद फिरवायचं, खडी तेल लावल्यासारखी चकाकली की मगच डांबर सोडायचं. मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांच्या कोरड्या पद्धतीचा गाभाच हा. घाईत चुरा डांबरानंतर पडला, तर तो खडीला लागतच नाही आणि पावसात खडी सुटू नये म्हणून केलेला खटाटोप वाया जातो.

एकेक घाणा वेगळा मिसळणाऱ्या बॅच मिक्स प्लांटवर हे सोपं आहे. फिरत्या ड्रममध्ये सलग मिसळणाऱ्या ड्रम मिक्सवर बर्नरची ज्योत लागणार नाही अशा जागी चुरा ब्लोअरने सोडावा लागतो. ती ब्लोअरची सोय पुरवठादार देत नाही. प्लास्टिक कोणत्या प्रकारचं, याची लेखी नोंदही मागितल्याशिवाय मिळत नाही. ऑर्डरमध्येच ती अट घाला.