प्रूफं तपासायला कोणता टॅब? अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मी मराठी पुस्तकांची प्रूफं तपासते. पुण्यात, घरूनच, गेली बावीस वर्षं. पूर्वी अक्षरजुळणी झाली की कागदांचा गठ्ठा घरी यायचा, लाल पेनाने खुणा करून तो परत जायचा, दुसरं प्रूफ यायचं. आता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते आणि "ताई, शुक्रवारपर्यंत द्या" एवढाच निरोप असतो. तीनशे पानांची छपाई दर वेळी स्वतःच्या पैशाने करणं परवडेना, आणि लॅपटॉपवर माउसने वेलांट्यांभोवती गोल काढून मनगट धरायला लागलं, तेव्हा टॅबच्या शोधात निघाले.

आमच्या व्यवसायातल्या चारपाच जणींनी या वर्षात "कोणता घेऊ?" असं विचारलं. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. मी तीन प्रकार वापरले आहेत. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब एस९ एफई माझा स्वतःचा, अकरा महिने, रोज पाच-सहा तास. दुसरा १०.३ इंची ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पडद्याचा, ओळखीतल्या एकांकडून वापरलेला घेतला, त्याला पाच महिने झाले. तिसरा भाचीचा दहाव्या पिढीचा आयपॅड. तिच्या परीक्षेच्या काळात तिच्या आईने तो काढून माझ्याकडे ठेवायला दिला होता, त्या सहा आठवड्यांत मी त्यावर दोन पुस्तकं केली.

दुकानात गेलात की प्रोसेसर, रॅम, कॅमेरा यांवर बोलणं सुरू होतं. आपल्या कामाला त्यातलं जवळपास काहीच लागत नाही. पीडीएफ उघडायला आणि त्यावर खुणा करायला या तिघांचीही ताकद पुरून उरते. मी आता पहिल्यांदा पान मोजते.

मराठी पुस्तकाचं नेहमीचं पान डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. आयपॅड आणि एस९ एफई दोन्ही १०.९ इंची म्हणून विकले जातात, पण तो आकडा कर्णाचा. आयपॅडचा पडदा सुमारे ६.२ बाय ८.९ इंच आहे, एस९ एफईचा सुमारे ५.८ बाय ९.२५. एक जरा रुंद, एक उंच आणि निमुळता. डेमीचं पान दोन्हींवर खऱ्या आकारात मावतं आणि ही फार मोठी सोय आहे, कारण वाचकाला छापील पुस्तकात जे अक्षर दिसणार तेच तुम्हाला दिसतं. ई-इंकचा माझा पडदा ६.२ बाय ८.२ इंचांचा, तिथे पान थोडंसंच आखडतं, जाणवत नाही.

ए-फोर पान आलं की चित्र बदलतं. आयपॅडवर ते पंचाहत्तर टक्क्यांवर येतं, एस९ एफई आणि ई-इंकवर सत्तर टक्क्यांवर. बारा पॉइंटचं अक्षर आयपॅडवर नऊ पॉइंटचं दिसतं, बाकी दोन्हींवर साडेआठच्याही आत. माझं वय एक्कावन्न, चष्मा दुहेरी. हा अर्ध्या पॉइंटचा फरक संध्याकाळी सहानंतर डोळ्यांना कळतो. प्रबंध आणि अहवाल हेच तुमचं मुख्य काम असेल तर या तिन्ही मापांच्या नादी लागू नका, बारा इंचांच्या पुढचा टॅब बघा. दिवाळी अंकाची मोठी, दोन स्तंभांची पानं मी टॅब आडवा करून अर्धं-अर्धं पान वाचते. वेळ जातो, पण जमतं.

आता अनुस्वार. पडदा कितीही चांगला असला तरी देवनागरीची खरी कसोटी शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी लागते. रोमन अक्षराची चूक एका ओळीत असते, आपली तीन मजल्यांवर. "सर्वांत" मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटलेत का, "दुसऱ्या" मधला अर्धा र नीट आला आहे की तिथे रफार उडून बसला आहे, "वाङ्मय" मधल्या ङच्या पुढचं टिंब आहे की नाही, ही आमची रोजची भाकरी. आयपॅडवर इंचाला २६४ ठिपके, एस९ एफईवर २४९. हा फरक मला डोळ्यांनी ओळखता आला नाही. ई-इंकवर २२७ आहेत आणि तिथे तो दिसतो: नऊ पॉइंटच्या तळटिपांमध्ये अनुस्वार जरा भुरका होतो, पान मोठं करून बघावं लागतं.

पण माझ्या हातून जी चूक झाली ती ठिपक्यांची नव्हती. टॅब घेतल्यावर आठवड्यातच मी कागदासारखी खरखरीत फिल्म लावून घेतली. पेन सरसर घसरत नाही, कागदावर लिहिल्यासारखं वाटतं, हे सगळं खरं आहे. महिनाभराने लक्षात आलं की मी प्रत्येक पान जास्त मोठं करून वाचते आहे. ती फिल्म प्रकाश विखुरते, त्यामुळे पांढऱ्या पानावर रवाळ रंगीत चमक येते, आणि टिंब तेवढ्यात विरघळतं. अक्षरजुळणी करणाऱ्यांचाच एकदा फोन आला, "ताई, पान ब्याऐंशीवर तुम्ही अनुस्वार घाला म्हणताय, तो तर आहेच की!" त्याच संध्याकाळी फिल्म काढली. पेनाचं टोकही त्या खरखरीत थरावर भराभर झिजलं होतं. चित्रं काढणाऱ्यांना ती फिल्म आवडेल, त्यांनी जरूर लावावी. अक्षर वाचणाऱ्याने साधी काच ठेवावी आणि दिवा बाजूने घ्यावा.

पेनाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण इथेच पैशांचा हिशेब फिरतो. एस९ एफईचं पेन खोक्यातच येतं आणि त्याला लिहिण्यासाठी बॅटरी लागत नाही. पडद्याखालच्या जाळीतून निघणाऱ्या चुंबकीय लहरींवर ते चालतं. माझ्या ई-इंकचं पेनही त्याच जातीचं आहे. अकरा महिन्यांत "पेन चार्ज नाही" म्हणून काम थांबलं असं एकदाही झालं नाही. आणखी एक गोष्ट मला वापरायला लागेपर्यंत माहीत नव्हती. पेनाचं टोक काचेच्या वर थोडं अधांतरी धरलं तरी पडद्यावर बारीक ठिपका दिसतो. म्हणजे खूण कुठे उमटणार ते टेकवण्याआधी कळतं. "कि" ची वेलांटी दीर्घ करायची असेल तर ती नेमक्या अक्षरावर पडते, शेजारच्यावर नाही. पेनाचं बटण दाबून धरलं की खोडरबर होतं, त्याची बोटांना इतकी सवय झाली आहे की कागदावर लिहितानाही अंगठा बटण शोधतो.

आयपॅडला पेन वेगळं घ्यावं लागतं. यूएसबी-सीवाली पेन्सिल भारतात ७,९०० रुपयांना आली. ती हाताचा दाब ओळखत नाही, पण प्रूफाच्या खुणेला दाब लागतच नाही, त्यामुळे ती उणीव आपण सोडून देऊ. साध्या आयपॅडमध्ये वरची काच आणि खालचा डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नसतात, आयपॅड एअरमध्ये असतात. त्या बारीक पोकळीमुळे रेघ टोकाच्या किंचित खाली उमटल्यासारखी दिसते. अधांतरी ठिपका तर त्यात नाहीच. दोन-तीन दिवसांत हात जुळवून घेतो. मात्र बाकी सगळ्यात आयपॅडचा हात मऊ आहे. पानं उलटणं, चिमटीने मोठं करणं, तळहात टेकला तरी भलतीच रेघ न उठणं, यात मला तिघांमध्ये तोच सरस वाटला. सहा आठवड्यांनी तो परत देताना जीव थोडा अडकला, हे कबूल करते.

आणि आता ई-इंक. या यंत्रावर माझं प्रेम आहे. पडद्याच्या मागून प्रकाश येतच नाही. सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात, विजेच्या इशाऱ्याने ते वर-खाली होतात आणि पान उमटतं, आणि मग ते पान तसंच राहतं, त्याला वीज लागत नाही. कागदासारखं ते बाहेरच्या उजेडात वाचायचं. सकाळी साडेसात ते साडेनऊ गॅलरीत उन्हात बसून मी त्यावर पहिलं वाचन करते. त्या उन्हात बाकीचे दोन्ही टॅब आरशासारखे होतात. पाच महिन्यांत संध्याकाळची डोकेदुखी मला पुष्कळ कमी झाली. वैद्यकीय दावा करत नाही, माझ्यापुरतं सांगते. दीर्घ वाक्यांमधला अन्वय बिघडलेला, एखादा परिच्छेद दोनदा आलेला, पात्राचं नाव मध्येच बदललेलं, असल्या चुका मला ई-इंकवर जास्त सापडतात. तिथे सूचना वाजत नाहीत, मन पानात राहतं.

तरीही दुसरं आणि अंतिम प्रूफ मी त्यावर करत नाही. एक कारण रंगाचं. लेखकाच्या हिरव्या खुणा, संपादकाच्या निळ्या, माझ्या लाल, सगळं तिथे करडं. कोणी काय सांगितलं ते कळेना. रंगीत ई-इंक मिळते, पण तिच्यातही रंगांची सुस्पष्टता काळ्या-पांढऱ्याच्या निम्मीच असते आणि पान जरा अंधारतं.

दुसरं कारण मला जास्त लागलं. माझ्या त्या यंत्रातून फाइल बाहेर काढली की माझ्या खुणा पानात चित्रासारख्या मुरून जातात. पीडीएफमध्ये खुणा दोन प्रकारे राहू शकतात. एक, स्वतंत्र टिपण म्हणून: अक्षरजुळणी करणाऱ्याला संगणकावर बाजूला सगळ्या टिपणांची यादी दिसते, एकेक दुरुस्ती करून तो बरोबरची खूण करत जातो. दोन, पानावरची शाई म्हणून: मग त्याने प्रत्येक पान डोळ्यांनी चाळायचं. एका स्मरणग्रंथाचं दुसरं प्रूफ मी घाईत ई-इंकवरून पाठवलं. दोनशे चाळीस पानं. त्यात दोन खुणा त्यांच्या नजरेतून सुटल्या आणि अंतिम प्रूफ माझ्याकडे परत न येता छापायला गेलं. एका मथळ्यात "स्मृतिदिन" च्या जागी "स्मृतिदीन" छापलं गेलं. ज्यांच्या आईंच्या आठवणींचं ते पुस्तक होतं, त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. मला मात्र तो शब्द अजून पाठ आहे. तेव्हापासून दुरुस्तीचं काम टॅबवर, स्वतंत्र टिपणांतच. अ‍ॅक्रोबॅट रीडर किंवा झोडो, दोन्हींत ते होतं आणि दोन्ही अ‍ॅप अँड्रॉइड व आयपॅड दोन्हींवर चालतात. कोणतंही अ‍ॅप घेतलंत तरी पहिल्याच दिवशी दोन पानांची फाइल खुणा करून अक्षरजुळणीवाल्यांना पाठवा आणि त्यांच्या संगणकावर यादीत खुणा दिसतात का ते विचारा.

टिपणात मराठी टाइप करावंच लागतं. अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर पेनाने मराठी लिहिलं की त्याचं टंकलेखन होतं, जोडाक्षरंही बऱ्यापैकी ओळखतं. तिथे उमटलेल्या शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपणच तपासायचे. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधलेला असतो, म्हणून मराठी वळणाचा ल आणि श जसाच्या तसा दिसतो. वर्डची फाइल टॅबवर उघडली तर फाँट बदलतो, ओळी सरकतात, पानांचे आकडे हलतात. प्रूफ म्हणून वर्डची फाइल घेऊच नका, टॅब कोणताही असो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेली पुस्तकं अजून येतात. त्यांत शोधा म्हटलं तर शब्द सापडत नाही, आणि यावर तिन्ही यंत्रांकडे उपाय नाही.

बाकीचं थोडक्यात. एस९ एफईचं वजन ५२३ ग्रॅम, आयपॅडचं ४७७, कव्हर घातलं की दोन्ही हातात जड, त्यामुळे मी उतरतं लाकडी डेस्क वापरते. एस९ एफईमध्ये मेमरी कार्ड बसतं, स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथांच्या अजस्र फाइल त्यात ठेवते. आयपॅडमध्ये कार्डाची सोय नाही, ६४ जीबीचा दहाव्या पिढीचा घेतलात तर जागेचा विचार आधी करा. मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा आयपॅड १२८ जीबीपासून सुरू होतो. एस९ एफईच्या खोक्यात चार्जर नसतो, तो खर्च धरा. माझा टॅब रोज रात्री चार्जिंगला लागतो, ई-इंक आठवड्यातून एकदा.

एकच घ्यायचा असेल तर पेन सोबत येणारा, अकरा इंचांच्या आसपासचा अँड्रॉइड घ्या. घरात आधीच आयपॅड असेल तर नवीन काही घेऊ नका, पेन्सिल तेवढी घ्या. काम चित्रं किंवा रंगीत बालपुस्तकांचं असेल तर ई-इंकचा विचार सोडा. रोज चार तासांवर वाचन असेल आणि डोळे तक्रार करत असतील, तर पहिल्या टॅबचे हप्ते फिटल्यावर वापरलेला ई-इंक बघा.

दुकानात जाताना मी केली तशी एक पानाची पीडीएफ करून फोनमध्ये घेऊन जा. नऊ, दहा आणि बारा पॉइंटमध्ये त्यात हे शब्द घाला: सर्वांत, दुसऱ्यांदा, वाङ्मय, द्वंद्व, धैर्यशील, पुनर्रचना, शृंगार, क्लृप्ती. विक्रेत्याला टॅबवर ती उघडू द्या आणि चष्मा घालून, हातभर अंतरावरून, मोठं न करता वाचा. माझी मैत्रीण गेल्या आठवड्यात अशीच तीन दुकानं फिरली आणि तिने १२.४ इंची घेतला, कारण तिच्याकडे विद्यापीठाचे प्रबंध येतात. पुढच्या महिन्यात माझ्याकडे चारशे पानांचा ए-फोर अहवाल येतोय, तेव्हा तिचा टॅब आठवडाभर मागून घेणार आहे.